गावाला 'नाही' म्हणता येतं का?

प्रश्न असा आहे: "भोर तालुक्यात आमचं गाव. वडिलांची साडेतीन एकर जमीन, मागे डोंगर, मे संपता संपता काजवे येतात. मी पुण्यात नोकरी करतो. मित्र म्हणतो, तीस तंबू टाकू, तीन शनिवार-रविवारात वर्षाचं निघेल. इको-टुरिझमचा गावाला खरंच फायदा होतो का? तोटे काय?"

फायदा होतो. पण तुमच्या मित्राच्या हिशेबानं होणार नाही. आता जरा लांबण लावतो, कारण पुण्यातून निसर्गसहली न्यायला लागून मला बावीस वर्षं झाली आणि खाली जे तोटे सांगणार आहे त्यातले निम्मे मी स्वतःच्या हातानं केलेले आहेत.

शब्दाबद्दल एकदाच बोलतो. १९९० साली इंटरनॅशनल इकोटुरिझम सोसायटीनं जी व्याख्या केली तिचा मथितार्थ असा: निसर्गाच्या ठिकाणी जबाबदारीनं जाणं, ज्यातून तिथलं पर्यावरण राखलं जाईल आणि तिथल्या माणसांचं भलं होईल. अटी दोनच. आपल्याकडे धरणांच्या काठाकाठानं जाणाऱ्या रस्त्यांवरच्या पाट्या वाचल्यात तर व्याख्या वेगळीच निघते: गवती छप्पर, पोहण्याचा तलाव आणि रात्री साडेअकरापर्यंत डीजे. त्यामुळे मी पाटी बघणं सोडलं. एकच बघतो. त्या गावाला पर्यटकाला 'नाही' म्हणता येतं का? 'आज नाही', 'एवढी माणसं नाहीत', 'यंदा नाहीच'. जिथं म्हणता येतं तिथं फायदे टिकलेले पाहिलेत. जिथं येत नाही तिथं पहिली दोन-तीन वर्षं मजेत जातात आणि मग ज्यासाठी लोक येत होते तेच उरत नाही.

काजव्यांपासूनच सुरुवात करू, तुमचा माल तोच आहे.

काजवा आपल्याला दिसतो तो त्याच्या आयुष्याचा शेवटचा तुकडा. त्याआधी कितीतरी महिने तो अळीच्या रूपात पालापाचोळ्यात, ओलसर मातीत असतो, गोगलगायी खातो. पंख फुटल्यावर जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात आणि तेवढ्यात जोडीदार शोधायचा असतो. उडत लुकलुकतात ते बहुतेक नर. मादी खाली गवतात, झुडपावर बसून मंद प्रकाशानं उत्तर देते. आता या चित्रात तुमच्या मित्राचे तीस तंबू ठेवून बघा. तंबूसाठी जागा साफ करायची म्हणजे पाचोळा झाडून पेटवायचा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या अळ्या गेल्या. साठ-सत्तर माणसं अंधारात गवतातून चालणार, म्हणजे माद्या पायाखाली. प्रत्येकाच्या हातात मोबाइलची बॅटरी, वर गाड्यांचे हेडलाइट. नराला मादीचं उत्तर दिसणार कसं? नुकसान त्या रात्री दिसत नाही, ही खरी अडचण आहे. त्या रात्री झाड लखलखतच असतं, लोक 'वॉव' म्हणतात, फोटो नीट येत नाहीत म्हणून हळहळतात आणि घरी जातात. फरक कळतो पाच-सहा वर्षांनी, जेव्हा गावातली म्हातारी माणसं सांगायला लागतात की पूर्वी हिरड्याच्या आणि सादड्याच्या झाडांवर असायचे तसे आता नाहीत.

यात आणखी एक गोष्ट आहे जी जाहिरातीत कधीच येत नाही. काजव्यांचा हंगाम म्हणजे मेची अखेर ते जूनचा मध्य, मोठा पाऊस लागायच्या आधी. नेमका तेव्हाच डोंगरावरच्या वाडीतल्या विहिरीचा तळ दिसत असतो. सह्याद्रीत पावसाळ्यात धबाबा पाणी आणि मेमध्ये टँकर, हे तुम्हाला मी सांगायला नको. २०१३ साली मी एका वाडीत दोन बस घेऊन गेलो होतो, ८७ माणसं. पहाटे साडेचारला जाग आली ती कळशांच्या आवाजानं. बायका अर्धा तास खाली उतरून झऱ्यावरून पाणी आणत होत्या आणि ते पाणी आमच्या लोकांच्या आंघोळीला चाललं होतं. मला आदल्या दिवशी कुणी काही बोललं नाही. विचारलं तेव्हा घरातली बाई म्हणाली, "पाहुण्याला पाणी नाही कसं म्हणायचं?" तेव्हापासून माझ्या मे-जूनच्या सहलीत आंघोळ नाही, हे नावनोंदणीच्या अर्जातच छापलेलं असतं. त्या एका ओळीमुळे तीस टक्के लोक गळतात. गळू देत.

आता पैसा. मित्र म्हणतो वर्षाचं निघेल. कुणाचं निघेल?

माझ्याच २०११ च्या वहीतला हिशेब देतो. सहलीला ४५ माणसं, प्रत्येकी ९५० रुपये. जमा ४२,७५०. बसला १४,०००. गावात जेवण-नाश्ता माणशी १३० रुपयांनी ५,८५० आणि दोन वाटाड्यांचे मिळून ८००. म्हणजे गावात राहिले ६,६५०. शंभरातले साडेपंधरा. बाकीचे पुण्यात आले: आमचं मानधन, जाहिरात, ऑफिसचं भाडं. आणि मी तेव्हा छाती फुगवून 'स्थानिकांना रोजगार' असं पत्रकात छापत होतो. खोटं नव्हतं, पण त्या साडेपंधरा रुपयांत गावानं पाणी, जागा, सरपण, झोप आणि कचरा उचलायची जबाबदारी एवढं सगळं विकलं होतं. आज हे प्रमाण मी शंभरात पंचेचाळीसपर्यंत आणलंय. बस काढून टाकली, लोक एसटीनं किंवा चार-चार जण एका गाडीनं येतात. मुक्काम घरांत. वाटाड्याला दिवसाचे पैसे, टीप नव्हे. यात माझं उत्पन्न घटलं हे खरंच आहे, पण तो माझा प्रश्न.

फायदा जिथं स्पष्ट दिसतो अशी ठिकाणंही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस नुसता रडतोय.

रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास. ऑलिव्ह रिडले कासवं तिथं अंडी घालतात आणि ती अंडी लोक उकरून नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावाला बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, पुढं कासव महोत्सव सुरू झाला. राहायला हॉटेल नाही, गावातल्या घरांतच. ओसरीवर गाद्या, जेवायला मोदक, भात-आमटी. ज्या गावात अंडी खाल्ली जात, तिथलीच पोरं रात्री किनाऱ्यावर गस्त घालायला लागली. पैशामुळे लागली असं कुणी नाक मुरडून म्हणालं तर म्हणू दे. पण मला वेळासचं कौतुक दुसऱ्याच गोष्टीचं आहे. पिल्लं बाहेर येणं कुणाच्या हातात नसतं. सकाळी बघायचं, संध्याकाळी बघायचं, आली तर आली. एका माणसानं माझ्यासमोर चढ्या आवाजात विचारलं होतं, "पुण्याहून सहा तास गाडी चालवून आलोय, एक तरी पिल्लू दाखवा." तिथला पोरगा शांतपणे म्हणाला, "कासवाला सांगितलंय, उद्या बघू." हेच ते 'नाही'. त्या पोरानं तेव्हा पिल्लं बादलीत राखून ठेवून पर्यटकांच्या सोयीनं सोडली असती, तर इतकी वर्षं केलेली राखण एका हंगामात वाया गेली असती.

भिगवणचं उदाहरण अधिक गुंतागुंतीचं आहे. उजनी धरणाचा फुगवटा. हे पाणी म्हणजे काही 'अस्पर्श निसर्ग' नव्हे. गावं बुडवून झालेलं धरण आहे, उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. आणि त्या पाण्यात पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून येऊन मिसळतं, म्हणजे आपण ज्या पाण्यावर 'किती छान' म्हणत नावेत बसतो त्यात आपल्याच घरातलं बरंच काही असतं. तरी हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, पट्टकादंब येतात, चित्रबलाक आहेतच. आणि कुंभारगाव-डिकसळच्या मच्छीमारांपैकी कितीतरी जण आता उत्तम पक्षी-मार्गदर्शक आहेत. जाळ्यात चिलापीशिवाय फारसं काही येईना झाल्यावर नावेला हा दुसरा धंदा मिळाला. शाळा अर्धवट सुटलेला नावाडी तीनशे फुटांवरून भोवत्या (हा एक शिकारी पक्षी) नर की मादी हे सांगतो, तेव्हा मला माझ्या दुर्बिणीची लाज वाटते.

पण तिथंच दुसरी बाजूही बघितली. फोटोवाल्यांना थव्याचा 'फ्लाइट शॉट' हवा असतो. नाव किनाऱ्याकडे दामटली की थवा उडतो. "उडव ना, दोनशे जास्त देतो." लांबचा प्रवास करून आलेल्या पक्ष्याला दिवसातून दहा वेळा उगीच उडवलं, तर त्याचं खाणं कमी आणि खर्च जास्त. कुरव पक्ष्यांना फरसाण टाकणारे वेगळेच. दोष नावाड्याचा म्हणाल? शेजारची नाव उडवत असेल तर याला नकार परवडत नाही. एकट्या माणसाचा नकार टिकत नाही, तो सगळ्यांनी मिळून द्यावा लागतो. मला अनेकदा सोबत आलेल्या एका नावाड्यानं सरळ इंजिन बंद करून बांबू हातात घेतला होता आणि माझ्या गटातल्या कॅमेरेवाल्याला सांगितलं होतं, "उडवायचे असले तर पोहत जा." तो नावाडी मी अजून सोडलेला नाही.

साताऱ्याजवळच्या फुलांच्या कास पठाराबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. पश्चिम घाटाची २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत नोंद झाली, त्यात कास आलं आणि पुण्या-मुंबईची गर्दी लोटली. जांभा खडकावर बोटभर मातीत वाढणारी रोपं, एक पाऊल बाजूला पडलं की संपलं. मग तिकीट, ऑनलाइन नोंदणी, दिवसाला तीन हजारांची मर्यादा, आसपासच्या गावांची समिती. हे चांगलं झालं. कुंपण घातलं, त्यावरून मात्र वाद झाला: गुरं चरायची थांबली, गवत माजलं, फुलं दबली असं स्थानिकांचं आणि काही अभ्यासकांचंही म्हणणं होतं, आणि शेवटी कुंपण काढलं. तुम्ही जागा 'राखायला' जाल तेव्हा हे लक्षात असू द्या. आपल्याकडची बरीचशी रानं माणसाच्या आणि गुरांच्या वावरातच तशी झालेली आहेत.

उलट गर्दीला आवर घालणं किती अवघड असतं ते सिंहगडावर दिसलं. मे २०२२ मध्ये खाजगी गाड्या बंद करून पीएमपीच्या (पुण्याच्या शहर बससेवेच्या) ई-बस सुरू केल्या. कल्पना योग्य होती. सुट्टीच्या दिवसाची गर्दी आणि घाटरस्ता यांच्यापुढे ती दोन-अडीच आठवड्यांत थांबली. पुण्याच्या जवळ असणं हे तुमचं भांडवल आहे आणि तीच तुमची सगळ्यात मोठी भीती असायला हवी. दोन तासांच्या अंतरात लाखो माणसं आहेत आणि प्रत्येकाकडे शनिवार रिकामा आहे.

गवताळ रानांचं एक वाक्यात: इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला वन विभागानं ठरलेल्या वाटांची, नोंदणीची, स्थानिक मार्गदर्शक बरोबर असलेली सफारी सुरू केली. लांडग्यामागे माळावर गाड्या घालण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता जे पुस्तकात सापडत नाही ते. गावाच्या आतले तोटे.

पहिला तोटा तुमच्या घरातच होईल. चाळीस माणसांच्या भाकरी कोण थापणार? मित्र थापणार नाही, तुम्हीही नाही. आई आणि वहिनी थापणार. पैसे तुमच्या फोनवर येणार. मी पाहिलेल्या बऱ्याच 'यशस्वी' घरगुती मुक्कामांमध्ये बाईचा दिवस पहाटे चारला सुरू होतो आणि तिला त्या पैशाची फक्त बातमी कळते. दोन वाड्यांत मी जेवणाचे पैसे थेट महिला बचत गटाच्या खात्यात टाकायला लागलो. पुरुष मंडळी एक हंगाम रुसली. पण पुढच्या वर्षी त्या गटानं स्वतःच ठरवलं की एका वेळी वीसच्या वर ताटं नाहीत. मी कितीही व्याख्यानं दिली असती तरी ही मर्यादा आली नसती. ती आली कारण जिची कंबर दुखते तिच्या हातात पैसा आला.

दुसरा, भावकी. एका घरासमोर गाड्या उभ्या राहिल्या की दुसऱ्या घरात धूर निघतो. रस्ता कुणाच्या बांधावरून जातो, पाण्याची पाइप कुणाच्या शेतातून, हे वीस वर्षं झोपलेले वाद जागे होतात. घरं पाळीपाळीनं देणं हा एकच इलाज मला लागू पडलेला दिसला.

तिसरा तोटा मला सगळ्यात मोठा वाटतो: जमीन. पर्यटन सुरू झालं की त्याच्या मागोमाग गुंठ्यांचे भाव विचारणारे येतात. मुळशी, वेल्ह्याकडे बघा. ज्यानं डोंगराकडेची एकर-दोन एकर विकली, तो पाच वर्षांनी त्याच जमिनीवरच्या बंगल्याचा वॉचमन होता, असं मी एकदा नव्हे, चार वेळा पाहिलंय. तिथं 'नाही' म्हणायचा हक्कच विकला गेला. आंबेगाव तालुक्यातल्या आहुप्याच्या बाजूला बाळहिरडा (हिरड्याची कोवळी औषधी फळं) गोळा करून विकणाऱ्या घरांचं उत्पन्न तुम्हाला किरकोळ वाटेल, पण हिरड्याचं झाड त्यांच्या ताब्यात आहे, म्हणून उभं आहे. तेच झाड रिसॉर्टच्या आवारात गेलं तर त्याला दिव्यांच्या माळा लागतील आणि काजवे तिथून उठतील.

दारू, प्लॅस्टिक, ओढ्यात फेकलेले डायपर, याबद्दल लिहायचं ठरवलं होतं, पण ते तुम्हाला माहीत आहे. एवढंच सांगतो की वाडीवर घंटागाडी येत नाही. आलेल्याचा कचरा आलेल्यानं परत न्यायचा, पिशवी मोजून द्यायची आणि मोजून बघायची. यात संकोच नको.

मग तुम्ही काय करावं? नोकरी सोडू नका. कर्ज काढू नका. तंबू नकोत, निदान झाडांखाली तर नकोतच. घरात ओसरी, पडवी मिळून बारा-सोळा माणसं झोपतील, तेवढीच घ्या. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला आहे ना, हे आधी बघा. सोळा माणसं दोन दिवस राहिली की तो लगेच बोलायला लागतो. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते, ती करून घ्या. जेवणात पनीर ठेवू नका. पुण्याहून पनीर विकत नेऊन पुण्याच्याच माणसाला खाऊ घालण्यात गावाला काय मिळालं? स्वतःचा इंद्रायणी, नाचणीची भाकरी, मोसमात कुर्डू-टाकळ्याची भाजी. जाताना तांदूळ विकत द्या. माझ्या ओळखीच्या एका घरात मुक्कामापेक्षा तांदळाचा नफा जास्त आहे.

आणि काजव्यांवर सगळा डाव लावू नका. तीन शनिवार-रविवारांवर वर्ष उभं केलं की त्या दिवसांत तुम्ही कुणालाच नकार देऊ शकणार नाही. शंभर आले तरी घ्याल. श्रावणातली देवराई, थंडीतला डोंगर, कारवी फुलते ते वर्ष, भाताची कापणी. यातून थोडं थोडं मिळू दे. काजव्यांना एका रात्री आठ माणसं, बॅटरीवर लाल कागद, अंगणाच्या कडेला बसून बघायचं, रानात शिरायचं नाही. जवळच्या डोंगराचा भाग वन खात्याचा असेल तर तिथं रात्री जायचंच नाही, हे सांगायला लागू नये. जागेचा अचूक ठावठिकाणा कुणाला समाजमाध्यमांवर टाकू देऊ नका.

सुरुवात मात्र यंदा नकोच. यंदाच्या मेमध्ये विहिरीत दोरी सोडून दर रविवारी पाणी मोजा आणि वहीत लिहा. काजवे कोणत्या झाडांवर, कोणत्या तारखेला दिसले तेही लिहा. दिवाळीच्या सुट्टीत ग्रामसभेत विषय ठेवा, किती माणसं आणि कोणते महिने बंद ते तिथं ठरू दे, आईला आणि वहिनीला त्या सभेला घेऊन जा. आणि मित्रानं तीस तंबूंची आगाऊ रक्कम भरली असेल तर आजच फोन करायला सांगा. हंगामाला वेळ असेल तर भाड्यानं देणारे बहुतेक पैसे परत करतात.